नगरवैद्य पॅट्रिक गेडीस

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे सध्या जुने वाडे व चाळी पाडून नव्या इमारती उभारण्याच्या विचारात आहेत. अशा समयी, घराआधी घरातील माणसांची प्रकृती पाहणाऱ्या प्राध्यापक पॅट्रिक गेडीस यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडात झाला. हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. परंतु मेक्सिकोत असता काही काळ दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकावरील संशोधन मागे पडले. १८८६ साली विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या दाट व गलिच्छ जुन्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी घरे झाडली, रंगविली, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या. विद्वानाने गरिबांच्या आळीत संसार थाटावा, हे आजही विरळाच!

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगर-प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी नवे साहित्य जमवून १९१५ त मद्रासेस प्रदर्शन भरलेच. १९१७ साली थोरला पुत्र फ्रान्समध्ये रणांगणी पडला व त्याच वर्षी पत्नी कलकत्त्यास निवर्तली. तरीही त्यांनी काम सोडले नाही.

त्या काळी इंदुरास प्लेग व हिवताप यांचा जाच होता. वस्तीतून रुंद रस्ता काढून घरे जमीनदोस्त करावी, हाच त्या वेळी रूढ उपाय. गेडीस यांचे म्हणणे असे की, उठविलेली माणसे शेजारच्या आळीत कोंबली जातात आणि रोगही त्यांच्यामागून जातो. म्हणून अगदी मोडकी तेवढी घरे काढावी, तेथे चौक मोकळा ठेवून झाड लावावे व बाकीची घरे दुरुस्त करावी. लोक त्यांना पाहून भीत. तेव्हा होळकर दरबारकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेऊन त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. जेथील घरे सर्वांत स्वच्छ, तेथूनच ती जाणार असे जाहीर होताच सारे शहर झाडू लागले! मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता. झाडूवाले शुभ्र वस्त्रे व फुलांच्या माळा घालून चालत होते. सरकारी फर्मानाने हे घडले नसते, असे आमचे मत आहे.

इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. त्यांची भाषा दुर्बोध, पण मजकूर मोलाचा. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉ. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ त ते फ्रान्सला गेले. १९३२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेल्ये येथे त्यांचे देहावसान झाले.