पाच मिलिमीटरचे बोसबाबू

मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या, नरांची प्रजननक्षमताच संपते, असं होस्टेलवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. दुसरा तितक्याच जोरात ते उडवून लावतो. आकडा मात्र कुणाकडेच नसतो! अशा वेळी मला जगदीशचंद्र बोस आठवतात. मायक्रोवेव्ह आणि सजीव, या दोन्ही वाटा हा एकच माणूस चालून गेला.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला, पण तब्येतीने साथ दिली नाही, म्हणून केंब्रिजला विज्ञान शिकले. १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्यांपेक्षा कमी पगार? मग नकोच! तीन वर्षं या पठ्ठ्याने बिनपगारी शिकवलं. शेवटी सरकारने सगळी बाकी चुकती केली.

धड प्रयोगशाळा नव्हती. तरी त्यांनी ५ मिलिमीटरच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखवली.

लहरी पकडणारा धातूचा ग्राहक सतत वापरला की थकतो आणि विश्रांतीनंतर ताजा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. इथून ते सजीवांकडे वळले. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी वाद वाढवण्याऐवजी यंत्रं बनवली. क्रेस्कोग्राफने झाडाची डोळ्यांना न दिसणारी वाढ मोजली. १९१७ मध्ये बोस इन्स्टिट्यूट उभी केली. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते गेले.

आता आपल्या चिमणीकडे येऊ. मायक्रोवेव्हने शरीरातलं पाणी तापतं, हे पक्कं. उंदरासारख्या प्राण्यांत वृषण पोटाबाहेर, थंड राहतात, म्हणून उष्णता त्यांना बाधते. पक्ष्यांचे वृषण मात्र पोटातच असतात आणि ४१ अंशांच्या आसपासही शुक्राणू बनवतात. मग उंदरावरचा निष्कर्ष चिमणीला जसाच्या तसा कसा लावायचा? वारंवारता कोणती, पॉवर किती, वेळ किती? लहरींशिवाय तेवढंच तापवलेला दुसरा गट ठेवला होता का? हे कळल्याशिवाय परिणाम उष्णतेचा की लहरींचा, ते ठरत नाही. आणि ते न ठरवता टॉवर निर्दोष म्हणणं हीसुद्धा थापच.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार आहोत. पुढच्या वेळी वाद रंगला, तर आधी एवढे प्रश्न विचारू. बोसबाबूंनी तेच केलं असतं!