जोसेफ ब्रामा आणि चामड्याची वाटी

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली म्हणजे राजे, सेनापती, कवी आणि साधुसंत हेच बहुधा डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्यांनी सारा जन्म कानस, करवत व हातोडा यांच्या संगतीत घालविला, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. म्हणून आज आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस अशाच एका कारागिराचा परिचय करून देत आहोत. त्याचे नाव जोसेफ ब्रामा.

ब्रामाचा जन्म १७४८ साली इंग्लंडात, यॉर्कशायर परगण्यातील बार्न्स्ली गावाजवळ स्टेनबरो येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडिलांमागे नांगर धरावयाचा हेच त्याचे भवितव्य ठरलेले होते. परंतु सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या पायाच्या घोट्यास जबर दुखापत झाली आणि शेतीची कष्टाची कामे त्यास अशक्य झाली. तेव्हा वडिलांनी त्यास सुतारकामाच्या उमेदवारीस ठेविले. जे संकट वाटले तेच पुढे त्याच्या उत्कर्षाचे द्वार ठरले. उमेदवारी संपवून तो लंडनास गेला व तेथे सुतारकाम करू लागला. १७७८ साली त्याने सुधारलेल्या शौचकूपाचे व १७८४ साली एका नव्या कुलपाचे पेटंट मिळविले. हे कुलूप त्याच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेले असे, आणि जो कोणी ते किल्लीवाचून उघडील त्यास दोनशे गिनी बक्षीस जाहीर केलेले होते. ते बक्षीस त्याच्या हयातीत कोणासही जिंकता आले नाही. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले खरे, पण त्यासाठी त्यास सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास खटपट करावी लागली.

तथापि ब्रामाचे नाव अजरामर झाले ते त्याच्या जलदाबयंत्रामुळे. बंदिस्त पाण्यावर एके ठिकाणी दाब दिला असता तो सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कल ह्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकातच सांगून ठेविला होता. एका लहान पंपाच्या दट्ट्याने पाणी ढकलून ते मोठ्या नळकांड्यात सोडावे; मोठ्या दट्ट्याचा व्यास लहान दट्ट्याच्या दहापट असला तर त्याचे क्षेत्रफळ शंभरपट होते, आणि एक माणूस शंभर माणसांचा जोर निर्माण करू शकतो. मात्र लहान दट्ट्या शंभर अंगुळे सरकावा तेव्हा मोठा एक अंगुळ सरकतो. निसर्ग फुकट काहीच देत नाही. ब्रामाने १७९५ साली ह्या यंत्राचे पेटंट घेतले.

कागदावर हे यंत्र बिनचूक होते. परंतु प्रत्यक्षात ते अडून बसले. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामध्ये सरकण्यापुरती फट ही असावयाचीच. दाब वाढला की त्या फटीतून पाणी बाहेर उसळे व सारा जोर वाया जाई. ती फट गच्च भरून आवळून टाकावी, तर पाणी थांबे. पण दाब काढून घेतल्यावरही दट्ट्या तेथेच अडकून राही आणि खाली येईना. शिवाय अशा रात्रंदिवस आवळलेल्या भरणीने घर्षण वाढते, भरणी झिजते आणि तिच्याबरोबर दट्ट्याही झिजतो. सैल ठेवावे तर गळती, घट्ट करावे तर झीज. ह्या पेचात हा सारा शोध व्यर्थ जाण्याची वेळ आली.

त्या काळी ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉड्स्ले नावाचा एक तरुण मुकादम होता. बाराव्या वर्षापासून तो वुलिच येथील सरकारी शस्त्रागारात काम करून शिकला होता. सॅम्युएल स्माइल्स याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या कारागिरांच्या चरित्रग्रंथात ह्या पेचातून वाट काढल्याचे श्रेय मॉड्स्लेस दिले आहे. युक्ती अगदी साधी होती. चामड्याचे एक कडे असे घडवावयाचे की त्याच्या दोन कडांमध्ये पन्हळीसारखी पोकळी राहील, आणि त्या पोकळीचे तोंड पाण्याकडे करावयाचे. पाण्याचा दाब वाढला म्हणजे पाणीच त्या पोकळीत शिरून एक कड दट्ट्यावर व दुसरी नळकांड्यावर दाबून धरते. जितका दाब अधिक, तितकी पकड अधिक. दाब ओसरला की कडा सैल होतात आणि दट्ट्या मोकळेपणाने परत येतो. ज्या शत्रूने वाट फोडावयाची, त्याच्याच हाती दाराची कडी दिली! जरुरीपुरतेच दाबावे व जरूर सरताच सोडून द्यावे, हा झीज कमी करण्याचा मार्ग ह्या चामड्याच्या वाटीने दाखवून दिला.

आता एक खेदाची गोष्ट. १७९७ साली मॉड्स्लेने आठवड्याच्या तीस शिलिंग मजुरीत वाढ मागितली. त्याच्यावर वाढत्या संसाराचा भार होता. ब्रामाने नकार दिला. मॉड्स्लेने नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला आणि तो पुढे इंग्लंडातील यंत्रकारांचे गुरुकुलच बनला. ज्या धन्याने पाण्याच्या दाबाचे एवढे सूक्ष्म गणित केले, त्यास आपल्या उत्तम माणसावर पडलेला दाब मात्र कळला नाही.

ब्रामाचे काम पुढेही चालूच होते. १८०६ साली त्याने बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापण्याचे यंत्र सिद्ध केले. हॅम्पशायरमधील होल्ट नावाच्या वनात त्याच्याच जलदाबयंत्राने झाडे मुळासकट उपटण्याचे काम चालले असता तेथे देखरेख करताना त्यास थंडी बाधली, आणि १८१४ सालच्या डिसेंबरच्या ९ तारखेस त्याचे देहावसान झाले.

त्याच्या मागे त्याचे यंत्र जगभर पसरले. १८५८ साली ग्रेट ईस्टर्न हे अवाढव्य जहाज पाण्यात लोटण्यास अशीच दाबयंत्रे कामी आली, आणि आमच्या वऱ्हाड-खानदेशातील प्रेसिंग कारखान्यांत कापसाच्या गाठी ह्याच तत्त्वावर आवळल्या गेल्या. आज मोटारी धुण्यासाठी जी जोरदार फवाऱ्याची यंत्रे वापरतात, त्यांच्या पंपांत दर चौरस सेंटिमीटरवर शंभर किलोग्रॅमहून अधिक दाब असू शकतो. तेथे दट्ट्या बहुधा चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचा असतो व चामड्याऐवजी रबराची कडी असतात. पण पोकळीचे तोंड अजूनही पाण्याकडेच असते. अशा पंपाची झीज टाळावयाची तर तीन पथ्ये पाळावी लागतात. पाणी गाळून घ्यावे, कारण वाळूचा एक कण दट्ट्यावर ओरखडा काढतो व तो ओरखडा कड्यास कापीत राहतो. पंप कोरडा चालवू नये, कारण पाणीच त्या कड्यास थंड व ओले ठेविते. आणि पाण्याच्या पुरवठ्यात तुटवडा पडू देऊ नये. तसे झाल्यास पाण्यात बुडबुडे उठतात आणि ते फुटताना धातूसही खड्डे पाडतात.

विद्यार्थी मित्रहो, मोठ्या यंत्राचे यश एका लहानशा चामड्याच्या कड्यावर अवलंबून होते, हे विसरू नका. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, पुस्तकापेक्षा हत्यारांत ज्याचे मन रमते, अशा मुलाविषयी निराश होऊ नये. लंगडणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पोराने हाती करवत धरली, म्हणूनच पास्कलचा नियम ग्रंथातून बाहेर येऊन जगाची ओझी उचलू लागला.