२३ किल्ले गेले, पण मालवणच्या समुद्रातला किल्ला उभा राहिला : शिवाजी महाराज आणि सिंधुदुर्गाच्या पायातलं शिसं

मालवणात लोखंड फार दिवस टिकत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. खिडकीचे गज असोत, गेटची बिजागरी असो की बाईकचा सायलेन्सर, खारा वारा कशालाच सोडत नाही. पण याच समुद्रात चारी बाजूंनी लाटांचा मार खात सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षं उभा आहे. त्याच्या पायात शिसं ओतलं होतं, असं बखरीत येतं.

शिसंच का? हे समजून घ्यायचं तर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातली सगळ्यात खडतर तीन वर्षं बघावी लागतात.

१९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर जन्मलेले महाराज सह्याद्रीच्या डोंगरात वाढले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि समुद्र समोर आला. तिथे राज्य होतं दुसऱ्यांचं. गोव्यात पोर्तुगीज, जंजिऱ्यात सिद्दी, सुरतेत इंग्रजांची वखार. महाराजांनी गलबतं बांधायला घेतली. पण आरमाराला हक्काचं ठाणं हवं होतं आणि जंजिरा काही केल्या हाती येत नव्हता.

मग मालवणसमोरचं कुरटे बेट निवडलं गेलं. आजूबाजूला पाण्यात लपलेले खडक असल्याने वाट माहीत नसलेलं जहाज तिथे सहज पोहोचू शकत नव्हतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याची पूजा करून काम सुरू झालं. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती, असं मानलं जातं.

लाटा रोज आदळणार, तिथे पाया कसा धरायचा? बखरीनुसार पायात पाच खंडी शिसं ओतण्यात आलं.

शिसं मऊ असतं, नखानेही त्यावर ओरखडा उठतो. लोखंड त्याहून कितीतरी कणखर. पण खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे दगडात बसवलेलं लोखंड फुगतं आणि दगडच फोडतं. शिशाचं उलट आहे. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे भट्टीवर सहज पातळ होतं आणि दगडांमधल्या फटीत शिरतं. हवापाण्याशी संबंध आला की त्याच्यावर पातळ थर धरतो, तो आतल्या धातूला जपतो. शिवाय मऊ असल्याने दगड किंचित हलला तरी ते तडकत नाही.

काम सुरू असतानाच महाराजांवर संकटं कोसळली. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून ताफा घेऊन ते बसरूरच्या मोहिमेवर गेले. परतले तोवर मिर्झाराजे जयसिंगांची फौज चालून येत होती. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. सिंधुदुर्ग त्या यादीत नव्हता. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले आणि नजरकैदेत अडकले. ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. मार्च १६६७ मध्ये सिंधुदुर्ग पूर्ण झाला.

१६७४ ला राज्याभिषेक झाला. ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराजांचं निधन झालं. पुढे राजाराम महाराजांनी सिंधुदुर्गावर शिवराजेश्वर मंदिर बांधलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस हे नाव दिलं. ते नाव टिकलं नाही.

आता अलीकडचं. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याच्या काही दिवस आधी बांधकाम खात्याने नटबोल्ट गंजत असल्याचं पत्राने कळवलं होतं. पुतळा का पडला यावर बरंच राजकारण झालं. पण खारी हवा धातूचं काय करते, हा प्रश्न त्या पत्रात होताच.

आज लोखंड वाचवायला त्यावर जस्ताचा मुलामा देतात. थोडा ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण पान्याने बोल्ट आवळताना, वाऱ्यावरच्या वाळूने आणि खाऱ्या दमट हवेने हा मुलामा कमी होत जातो. तो संपला की पाळी लोखंडाची. म्हणून समुद्राकाठी मुलामा किती जाड आहे आणि तो कुणी, कधी तपासतो, याला फार महत्त्व असतं.

सिंधुदुर्गाचीही काही ठिकाणी पडझड झाली आहे. पाया भक्कम असला तरी देखभाल चुकत नाही, आणि ती करायचं काम आता आपल्याकडे आहे.