आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च, १८६५ - २६ फेब्रुवारी, १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री होत. १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एम.डी. ही पदवी संपादन केली. त्याच वर्षी बंगालमधील कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. त्यामुळे भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून या दोघींची नावे एकत्र घेतली जातात. मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंचे क्षयरोगाने निधन झाले. ज्या रुग्णसेवेसाठी त्यांनी शिक्षण घेतले, ती सुरू करण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

बालपण आणि विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे रहिवासी होते. घराणे एके काळी सधन होते. पुढे त्याची परिस्थिती खालावली. कल्याण हे तेव्हा आंबिवली, टिटवाळा आदी भोवतालच्या खेड्यांसाठी तालुक्याचे ठिकाण होते. १८५४ साली ठाण्याहून रेल्वे तेथे पोहोचली होती. तरी घरातील आजारपण आणि बाळंतपण यांसाठी वैद्य व सुईण यांचाच आधार असे.

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर असून वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि टपाल खात्यात नोकरी करीत. त्यांनी पत्नीचे नाव आनंदी ठेवले. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा निर्धार त्या काळाच्या मानाने असामान्य होता. मात्र त्यांचा स्वभाव हट्टी व विक्षिप्त होता आणि अभ्यासासाठी ते तिला मारहाणही करीत. पतीच्या बदल्यांनुसार आनंदीबाईंचे वास्तव्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता आणि श्रीरामपूर (बंगाल) येथे झाले.

वैद्यकाकडे वळण

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला; परंतु तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही जाणीव त्यांच्या मनात रुजली आणि त्यातूनच वैद्यकीय शिक्षणाचा विचार दृढ झाला.

या निर्णयामागे एक व्यापक सामाजिक अडचण होती. रुग्णाला प्रश्न विचारणे, त्याचे निरीक्षण करणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून व स्टेथोस्कोपने ऐकून छाती तपासणे या पायऱ्यांनी डॉक्टर रोगाचे निदान करतो. क्ष-किरण आणि आजच्या रक्तचाचण्या उपलब्ध नसल्याने एकोणिसाव्या शतकात निदानाचा जवळजवळ सर्व भार याच तपासणीवर होता. पुरुष डॉक्टरांपुढे उघडपणे दुखणे सांगणे किंवा अंगाला हात लावू देणे हे असंख्य स्त्रियांना अशक्य वाटे. नातेवाइकांनी सांगितलेल्या लक्षणांवरून औषध दिले जाई किंवा उपचारच टाळला जाई. त्यामुळे ताप, अशक्तपणा, पाळीच्या तक्रारी आणि बाळंतपणातील गुंतागुंत अशी नेहमीची दुखणीही तपासणीविना अंगावर काढली जात.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली होती. त्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, ही वाइल्डर यांची सूचना जोशी दांपत्याने मान्य केली नाही. तथापि हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये तो न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले व त्यातून दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले. कोलकात्यात आनंदीबाईंना सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि धाप लागणे हे त्रास होऊ लागले, तेव्हा कार्पेंटर यांनी अमेरिकेहून औषधे पाठविली. पण त्यांचा गुण आला नाही.

१८८३ मध्ये गोपाळरावांनी आनंदीबाईंना एकटीनेच अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले. त्यावर सनातनी समाजातून कडाडून टीका झाली. २४ फेब्रुवारी, १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण करून आनंदीबाईंनी आक्षेपांना उत्तर दिले. भारतात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, ही त्यांची भूमिका होती.

अमेरिकेतील शिक्षण

७ एप्रिल, १८८३ रोजी कोलकात्याहून निघून आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक होते. त्या वेळी रेचेल बॉडली या तेथील अधिष्ठात्या होत्या. जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली याही तेथे शिकत होत्या. १८८५ मध्ये घेतलेले या तिघींचे आपापल्या देशी वेशातील छायाचित्र प्रसिद्ध आहे.

आनंदीबाईंनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. त्यात आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतला होता. ११ मार्च, १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी प्रदान करण्यात आली. समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होते. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला.

आजार आणि मृत्यू

परदेशातील थंडी, अपरिचित आहार आणि अभ्यासाचा ताण यांमुळे आनंदीबाईंची मुळातच नाजूक असलेली प्रकृती ढासळली व त्यांना क्षयरोग जडला. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाच्या जंतूचा शोध १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस जाण्याच्या केवळ एक वर्ष आधी, जाहीर केला होता. थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने रोग ओळखणे त्यामुळे शक्य झाले होते; परंतु जंतूंचा नाश करणारे औषध कोणाहीपाशी नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक आहार एवढाच उपचार उपलब्ध होता. क्षयावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी सापडले. साधा क्षयरोग आज सुमारे सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बहुधा बरा होतो.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील (आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) स्त्री-विभागाचे प्रमुखपद आनंदीबाईंना देऊ केले होते. १८८६ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या, तेव्हा त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. मात्र आजार बळावल्याने त्या कोल्हापुरास रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी, १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षे पूर्ण होण्यास त्यांना एक महिन्याहून थोडा अधिक अवधी उरला होता. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या.

प्रभाव आणि स्मृती

आनंदीबाईंच्या हयातीतच स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा प्रश्न देशभर चर्चेत आला होता. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने त्यासाठी निधी उभा राहिला आणि १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढच्या दशकात रखमाबाई इंग्लंडमध्ये डॉक्टर होऊन परतल्या व त्यांनी सुरत येथे दीर्घकाळ स्त्री-रुग्णांची सेवा केली. आनंदीबाईंना जे करता आले नाही, ते त्यांच्या मागून आलेल्या स्त्री-डॉक्टरांनी प्रत्यक्षात आणले.

आनंदीबाईंचे चरित्र १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत, तर पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारित असून तिचे नाट्यरूपांतरही झाले. २०१९ मध्ये याच नावाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवरास आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.