सार्वजनिक काका

गणेश वासुदेव जोशी हें नांव आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस परकें वाटेल. पण सार्वजनिक काका म्हटलें, कीं घरांतील वडील मंडळी तरी मान डोलावतील. त्यांचा जन्म इ. स. १८२८ मध्यें सातारा येथें झाला. तरुणपणीं ते पुण्यास आले, कांहीं काळ नोकरी केली आणि पुढें वकिलीची परीक्षा देऊन तो व्यवसाय पतकरला.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं पुण्यांत मोठी ओरड होती. तक्रार सर्वांची, पण ती सरकारापुढें मांडावयाची कोणीं? त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा जन्मास आली. निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील त्यासच सभासद करावें, असा नियम होता. वकीलपत्रावांचून कोर्टांत उभें राहतां येत नाहीं, हें जाणणाऱ्या माणसाची दृष्टि त्यांत दिसते. सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची गांवोगांव चौकशी करविली, अर्ज लिहिले, आणि १८७८ पासून त्रैमासिक काढून कायद्यांची व सरकारी धोरणाची चिकित्सा चालविली. या अभ्यासांत न्यायमूर्ति रानडे यांची बुद्धि होती. धांवपळ व पदरमोड काकांची.

त्या काळीं गरिबास न्याय फार महाग पडे. स्टांपाचा खर्च, वकिलाची फी, तालुक्याच्या गांवीं खेपा आणि तारखांवर तारखा! निरक्षर शेतकरी खतावर अंगठा उठवी. सावकार फिर्याद लावी. प्रतिवादी हजरच नसल्यामुळें एकतर्फी हुकूमनामा होई. १८७५ सालीं सुपें येथें लोकांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तें उगीच नव्हे.

काकांनीं यावर लवाद कोर्टाचा उपाय योजिला. दोन्ही पक्षांनीं पंचांचा निवाडा मान्य करण्याचें आधीं लिहून द्यावें, मग पंचांनीं समोरासमोर बसवून कज्जा तोडावा, अशी ती रीत. दिवाणी कायद्यांत असा निवाडा कोर्टांत दाखल करण्याची सोय असल्यामुळें तो केवळ कागदावर राहत नसे. मात्र एक उणीव उघड होती. लवादास उभयतांची संमति हवी; ज्यास एकतर्फी हुकूमनामा सहज मिळतो, त्यानें पंचांपुढें कां यावें? १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें सलोखा करणारे नेमले आणि खताच्या पाठीमागील सर्व देवघेव तपासण्याचें काम न्यायाधीशांकडे दिलें, तेव्हां ही उणीव कांहीं अंशीं भरून निघाली.

स्वदेशीचें व्रत त्यांनीं आधींच घेतलें होतें. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते हातानें विणलेल्या जाड्याभरड्या वस्त्रांत गेले, ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे.

त्यांची खरी कसोटी पुढेंच लागावयाची होती. १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यास राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सरकारचा संशय पुण्याच्या शिकलेल्या मंडळींवर होता, आणि सार्वजनिक सभा तर डोळ्यांत सलत होतीच. अशा वेळीं आरोपीची बाजू घेणें म्हणजे संशय आपल्या अंगावर ओढून घेणें. तरीही काका कोर्टांत उभे राहिले. बंडाचा मार्ग त्यांचा नव्हता. अर्ज, सभा व कायदा हाच त्यांचा मार्ग. परंतु आरोपीस वकील मिळालाच पाहिजे, हाही त्या मार्गाचाच भाग होता. खटल्यांत यश आलें नाहीं; फडके यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

२५ जुलै १८८० रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, काका वारले. त्यांचे अशील त्या वेळीं एडनच्या तुरुंगांत होते.