ज्ञानाची वाट सोपी करणारे शेख अली मुत्तकी (रह.)



रावेर स्टेशनावरून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत आपण अनेकदा बसला असाल. थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. बाजारहाट, लग्नकार्ये, नातेवाइकांच्या गाठीभेटी यांसाठी आपण तेथे जातो. परंतु हदीसचे अभ्यासक जगभर ज्यांचे नाव आदराने घेतात असे एक थोर आलिम याच गावी जन्मले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हजरत शेख अली मुत्तकी (रह.) यांचा जन्म हिजरी ८८५, म्हणजे इ. स. १४८० च्या सुमारास झाला. घराणे मूळचे जौनपूरचे. त्या काळी बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. लहानपणीच वडिलांनी त्यांना शाह बाजन चिश्ती (रह.) यांचे मुरीद केले. वडिलांचे छत्र हरपल्यावर त्यांनी मांडू येथे काही काळ दरबारी चाकरी केली. हाती पैसाही आला. पण मन रमले नाही. सर्व सोडून ते मुलतानला गेले व शेख हुसामुद्दीन मुत्तकी (रह.) यांच्यापाशी दोन वर्षे शिकले. पुढे ते गुजरातेत राहिले. सुलतान बहादूरशहाने पाठविलेली मोठी रक्कम त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतली नाही, असे चरित्रकार सांगतात. अखेर ते मक्केला गेले आणि तेथेच स्थायिक झाले.

आता त्यांचे मुख्य कार्य पाहू. मिसरचे इमाम सुयूती (रह.) यांचे निधन १५०५ मध्ये झाले. त्यांनी प्रेषितांची (स.) हजारो वचने एका विशाल ग्रंथात गोळा केली होती. त्यात वचने पहिल्या शब्दाच्या अक्षरक्रमाने आणि कृतींची वर्णने ती सांगणाऱ्या सहाबींच्या नावांखाली होती. म्हणजे वचनाचा आरंभ पाठ असेल त्यालाच ते सापडायचे. व्यापारात माप कसे असावे, विद्येचे महत्त्व काय, हे शोधू पाहणाऱ्या नवशिक्या विद्यार्थ्याने काय करावे?

शेखसाहेबांनी हीच अडचण दूर केली. त्यांनी तो सारा संग्रह विषयवार लावला. ईमान, खरेदी-विक्री, इल्म, निकाह अशी प्रकरणे पाडली आणि ‘कन्जुल उम्माल’ हा सुमारे ४६,००० नोंदींचा ग्रंथ सिद्ध केला. एवढा मोठा ग्रंथ ज्यांना पेलणार नाही त्यांच्यासाठी त्याचा संक्षेपही स्वतःच केला. इमाम सुयूतींचे जगावर उपकार आहेत, तर मुत्तकींचे खुद्द सुयूतींवर आहेत, अशा आशयाचे उद्गार त्यांचे उस्ताद अबुल हसन बकरी यांनी काढले होते. मात्र हे लक्षात ठेवा, की हा सर्वसंग्रह आहे. त्यात दुर्बळ रिवायतीही आहेत. म्हणून त्यातील वचन आलिमांना विचारूनच स्वीकारावे.

विद्यार्थ्यांविषयी त्यांना अतिशय कळकळ होती. ते दुर्मिळ ग्रंथांच्या नकला करवून गरज असेल तेथे पाठवीत आणि स्वतःच्या हाताने शाई तयार करून विद्यार्थ्यांना देत. गुजरातचे थोर मुहद्दिस मुहम्मद ताहिर पटनी (रह.) हे त्यांचेच शिष्य. हिजरी ९७५, म्हणजे इ. स. १५६७ मध्ये मक्केत त्यांचे देहावसान झाले. पुढे तीन शतकांनंतर हैदराबादच्या दायरतुल मआरिफने ‘कन्जुल उम्माल’ छापून प्रसिद्ध केला.

पालकहो, आपली मुले आज मराठी व इंग्रजी शाळांत शिकतात. पुष्कळांना अरबी येत नाही, उर्दूही जेमतेम वाचता येते. त्यांना नुसते नावे ठेवून काय साधणार? दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. त्यांच्यासमोर वाट मोकळी केलेली नाही. दीनचे ज्ञान त्यांना समजणाऱ्या भाषेत, त्यांच्या प्रश्नांच्या क्रमाने मांडणे, हे काम हलके समजू नका. आपल्या शेजारच्या गावच्या एका आलिमाने आपले आयुष्य अशाच कामी वेचले.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही एक वही करा. सचोटी, आईवडील, शेजारी, विद्या अशी पाने पाडा. जे ऐकाल, वाचाल ते आलिमांकडून तपासून योग्य पानावर लिहा. वर्षअखेर ती वही धाकट्या भावंडाच्या हाती द्या. शेखसाहेबांची खरी आठवण तीच ठरेल.