चुकांना नाव देणारा सर्जन

संगणकाच्या पडद्यावर नुसते ‘काहीतरी चुकले’ एवढेच उमटले, तर दुरुस्त करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून प्रोग्रामर चुकीची नोंद ठरावीक साच्यात करतात: प्रकार, संकेतांक, ठिकाण, कारण. असे साचे तयार करणारे कोड अनेकजण सर्वांसाठी मोफत खुलेही ठेवतात. रुग्णालयात हीच पद्धत शंभर वर्षांपूर्वी बोस्टनच्या डॉ. अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन यांनी आणली आणि त्याची मोठी किंमत मोजली.

कॉडमन यांचा जन्म १८६९ चा. हार्वर्डमध्ये शिकत असताना ते आणि त्यांचे सहाध्यायी हार्वे कुशिंग शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला ईथर देत. दोघांनी १८९४ च्या सुमारास भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. आजच्या भूलतक्त्याचे मूळ तिथे आहे.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन असताना त्यांनी प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवले. त्रास, निदान, उपचार, गुंतागुंत आणि वर्षभरानंतरची प्रकृती, असे सारे त्यावर लिहायचे. सर्जनला बढती ज्येष्ठतेवर नव्हे, तर या निकालांवर मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य होईना, तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९१५ मध्ये भरसभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग डॉक्टरांसाठी सोन्याची अंडी घालतो आहे, असे ते चित्र. शहर खवळले. हार्वर्डमधील अध्यापनाचे पदही गेले.

१९११ मध्ये काढलेल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयात त्यांनी हा हिशेब चालूच ठेवला. १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका त्यांनी स्वतः छापून जाहीर केल्या. प्रत्येक चुकीला अक्षरांची खूण होती: कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, काळजी वा साधने अपुरी पडली, निदान हुकले. आजारच असाध्य होता किंवा रुग्णाने उपचार नाकारला, तर त्यालाही वेगळी खूण. कारण कौशल्याच्या चुकीवर उपाय प्रशिक्षण, तर साधनांच्या कमतरतेवर उपाय व्यवस्थापनाकडे. सगळ्या चुका एकाच रकान्यात टाकल्या, तर यातले काहीच सुधारत नाही.

१९२० मध्ये त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. १९४० मध्ये ते गेले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड लागला तो २०१४ मध्ये.

नागपूरच्या मेडिकल-मेयोपासून छोट्या नर्सिंग होमपर्यंत आज मृत्यूचे कारण लिहिण्याचा जो फॉर्म भरतात, त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागचा मूळ आजार असे दोन्ही विचारले जाते. तिथे फक्त ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिणे म्हणजे ‘काहीतरी चुकले’ म्हणण्यासारखेच. हृदय प्रत्येकाचेच थांबते. ते कशामुळे थांबले हे लिहिले, तरच पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग.